सरकार पडलं की यावोर येतो

सरकार पडल्याची बातमी लालोने खिडकीतून ऐकली. तो अंगणात लाल मिरच्या भाजत बसला होता आणि आत दूरदर्शनवरची बाई पडेल आवाजात सांगत होती की देश पुन्हा एकदा अनिश्चिततेच्या खाईत लोटला गेला आहे. लालोने चिमटा खाली ठेवला, धूर डोळ्यात गेल्यासारखं करून डोळे पुसले आणि थेट तळघर गाठलं. कोणत्या बरणीत काय उरलंय, कोबी किती मुरलाय, प्लमची घरगुती दारू, राकिया, या साली कशी उतरलीय, हे सगळं आता बघायला हवं होतं. देशाचं वाटोळं झालं की आपल्याला हुरूप येतो याची त्याला थोडी लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून काही त्याने बरण्या पुसायचं थांबवलं नाही.

झाबोवो हे दुनाव नदीपासून हाकेच्या अंतरावरचं गाव. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. शाळा आहे, मुलं नाहीत. स्टेशन आहे, गाडी थांबत नाही. घरं पुष्कळ आहेत, पण संध्याकाळी दिवा लागतो तो मोजक्या खिडक्यांत. प्रत्येक दारावर मेलेल्या माणसाचा फोटो छापलेला श्रद्धांजलीचा कागद चिकटवलेला असतो, आणि गावात हिंडताना जिवंत माणसांपेक्षा हेच चेहरे जास्त भेटतात. लालोच्या फाटकावर त्याची बायको स्तोयान्का होती. ठिपक्यांचा रुमाल बांधलेली, फोटो काढणाऱ्यावर जरा वैतागलेली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. कागद दर साली नवा लागे, तो मुलगा यावोर राजधानीतून, सोफियाहून, छापून आणी.

यावोर चार तासांच्या रस्त्यावर राहत होता. त्याला बायको होती, मीला नावाची. शाळेत जाणारी मुलगी होती आणि संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसायची नोकरी होती. दर नाताळाला तो येईन म्हणे. मग मुलीला ताप येई, नाहीतर घाटात बर्फ पडे. त्याचं बोलणं खोटं नसायचं, ताप खरा असे आणि बर्फही. ईस्टरला सासुरवाडी असे. पण मतदानाला मात्र यावोर न चुकता यायचा, कारण त्याचा कायमचा पत्ता अजून झाबोवोचाच होता, आणि आमच्याकडे जिथे पत्ता तिथेच मत. सुरुवातीला आळसापायी त्याने पत्ता बदलला नाही. नंतर त्याचीही त्याला सवय झाली असावी.

मतदानाचा रविवार म्हणजे झाबोवोची जत्राच. सोफिया, प्लेवेन, व्रात्सा, जिकडे जिकडे गावची पोरं पांगली होती तिकडून गाड्या येत. शाळेच्या आवारात गेना निखाऱ्यांवर मांसाचे कबाब भाजायची. ही गेना विधवा, गावातलं एकुलतं एक दुकान चालवणारी, आणि मतमोजणीच्या समितीवरही तीच, कारण वाचता येईल असा चष्मा तिच्याकडेच होता. मत द्यायला लागायचं एक मिनिट, आणि मग दिवसभर खाणंपिणं, कोण जाड झालं, कोणाचं मोडलं, कोण जर्मनीला गेलं. संध्याकाळी म्हातारी माणसं पोरांच्या गाड्यांच्या डिकीत बटाटे, मिरचीची चटणी आणि लोणच्याच्या बरण्या कोंबत. सोमवारी सकाळी गाव पुन्हा कुत्र्यांच्या ताब्यात जाई.

पूर्वी हे चार वर्षांतून एकदा व्हायचं. पण मागच्या काही वर्षांत देशाला काय झालं कोण जाणे, सरकार बसलं की उठायचंच. वर्तमानपत्रं कपाळावर हात मारून घेत होती. लालोला मात्र मुलगा आताइतका कधीच भेटला नव्हता.

आता लालोच्या मताबद्दल सांगायला हवं, कारण गावात त्याचं फार हसं व्हायचं. जो कोणी नवा येईल आणि सगळ्यात मोठ्याने ओरडेल त्याला लालो मत द्यायचा. तो निवडून आला, खुर्चीत बसला, त्याची मान जाड झाली, की लालो पुढचा ओरडणारा शोधायचा. यात वेडेपणा काहीच नव्हता. लालोने उमेदीची सगळी वर्षं डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात बॉयलरवर काढली होती. जुनी राजवट गेली तेव्हा चौकात नाचणाऱ्यांत तोही होता. मग कारखाना विकला गेला. कोणी विकला, कोणाला, केवढ्याला, ते झाबोवोत कोणालाही कोणी विचारलं नाही. एके दिवशी ट्रक आले आणि लालोचा बॉयलर भंगारात घेऊन गेले. तेव्हापासून लालोच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती. एक आपण, आणि दुसरे ते.

या वेळचा ओरडणारा होता गर्वान्स्की. नावाचा अर्थ जवळपास कावळाच, म्हणून गाव त्याला कावळा म्हणे. त्याच्या पक्षाचं नाव 'आपला आवाज'. मागच्या हिवाळ्यात तो झाबोवोच्या वाचनालयात येऊन गेला होता. भाषण नेहमीचंच, त्यांनी लुटलं, त्यांनी विकलं, आता आपण उठायचं. पण भाषण संपल्यावर तो खाली उतरला आणि त्याने लालोचा हात दोन्ही हातांत धरला. "आपण सोडायचं नाही," तो म्हणाला. लालोच्या हाताला कित्येक महिन्यांत दुसरा हात लागला नव्हता. घरी येऊन तो कितीतरी वेळ 'आपण' या शब्दाची चव घेत बसला. घरात तो शब्द वापरायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आणि दुसरं कारण होतं, ते त्याने गेनालाही सांगितलं नव्हतं. कावळा कोणाशीच युती करत नसे. जे सरकार येईल ते पाडायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम होता.

मतदानाच्या आधी काही आठवडे एक मुलगी गावात आली. कालिना तिचं नाव. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीसारखं यंत्र. लोक मत का देतात याचा कोणीतरी अभ्यास करत होतं आणि त्यासाठी ही मुलगी दारोदार हिंडत होती. दारं बहुतेक बंदच होती. लालोने मात्र तिला धरूनच आत आणलं, चीज भरलेली बानित्साची गरम वळी समोर ठेवली आणि स्तोयान्काच्या खुर्चीत बसवलं.

"आजोबा, मी एकेक वाक्य वाचते. तुम्ही सांगायचं, पूर्ण सहमत, थोडे सहमत, की असहमत."

"वाच."

"राजकारण्यांना तुमच्यासारख्या साध्या माणसांची पर्वा नसते."

"पूर्ण सहमत. तू खात नाहीयेस."

"देशाचे निर्णय राजकारण्यांनी न घेता थेट लोकांनी घ्यावेत."

"पूर्ण. दही देऊ का वरून?"

"एखाद्या कणखर नेत्याने कायदा थोडा बाजूला ठेवला तरी चालेल."

लालो जरा अडला. कायदा बाजूला ठेवणारे त्याने तरुणपणी पाहिले होते. त्यांनी त्याच्या मामाला नेलं तेही असंच बाजूला ठेवून नेलं होतं. पण नाही म्हटलं तर ही पोर पटकन पुढे जाईल आणि वाक्यं संपतील, अशी त्याला भीती वाटली. "थोडा सहमत," तो म्हणाला. "पण त्याला एक गोष्ट आहे, ती सांगतो." आणि त्याने मामाची गोष्ट सांगितली, मग बॉयलरची, मग स्तोयान्काची. कालिनाने यंत्र मांडीवर उपडं ठेवून सगळं ऐकलं, पोर गुणी होती. निघताना तिने विचारलं, "आजोबा, तुमचा राग फार आहे ना त्यांच्यावर?"

"राग आहे," लालो म्हणाला. "पण तो काही रोज जेवायला सोबत करत नाही."

हे कुठे भरायचं त्याला तिच्या यंत्रात जागा नव्हती. ती गेली आणि लालो फाटकाशी बराच वेळ उभा राहिला. पुन्हा कधी येणार, असं विचारायचं राहून गेलं होतं.

रविवारी यावोर आला. या खेपेला त्याची स्वारी तोऱ्यात होती. 'नवं पान' नावाचा एक पक्ष निघाला होता, शिकलेल्या पोरांचा, आणि यावोर त्यात नुसता मतदार नव्हता, दोन महिने सोफियात दारोदार फिरला होता. बापलेक एकत्र शाळेत गेले, एकापाठोपाठ काळ्या पडद्याआड गेले, बाहेर येऊन कबाब खाल्ले. दिवस सोन्यासारखा गेला. संध्याकाळी मोजणी झाली, गेनाने निकालाचा कागद शाळेच्या दाराला चिकटवला, आणि यावोर तो वाचून घरी आला तो चेहरा पाडूनच.

"ताते, कावळ्याला दिलंस ना?"

आमच्याकडे बापाला तातेच म्हणतात, रागातसुद्धा.

"मत गुप्त असतं," लालो म्हणाला.

"गावात कावळा पहिला. नव्या पानाला एक मत. ते एक माझं. आता गुप्त काय राहिलं?"

"सूप घे. निवतंय."

"काय केलंय रे त्या माणसाने? एक पूल? एक दवाखाना? नुसता ओरडतो आणि सरकारं पाडतो."

"पाडतो ना," लालो म्हणाला. ते त्याच्या तोंडून जरा जास्तच कौतुकाने निघालं.

यावोरने चमचा ठेवला. "मजा वाटते तुला? देश फुकट चाललाय. दर हंगामाला निवडणूक. मी पोरीचा वाढदिवस बुडवून लोकांच्या जिन्यांवर उभा राहिलो, आणि माझा सख्खा बाप त्या तोंडाळाला मत देतो. तुझ्यासारख्यांमुळे हे असं आहे, ताते."

लालोला एवढंच सांगायचं होतं, की सरकार पडलं की तू येतोस. साधं वाक्य होतं. पण म्हातारपणी अशी वाक्यं घशात कुठेतरी अडकून बसतात आणि भलतीच बाहेर येतात. लालोच्या तोंडून बाहेर आलं ते कावळ्याच्या भाषणातलं.

"तुम्ही सोफियावाले सगळे सारखे. मतापुरते आमच्या दारात येता, खाता-पिता, आणि पाठ फिरवली की आम्ही जगलो काय आणि मेलो काय, तुम्हाला कुठे पडलीय."

यावोरने सुपाची वाटी पुढे सरकवली. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी पण त्यांच्यातला झालो."

लालोने नाही म्हणायला हवं होतं. तो सुपाकडे बघत राहिला. यावोर उठला, कोट घातला आणि गाडी काढून निघून गेला. फाटकाजवळच्या कट्ट्यावर मांडून ठेवलेल्या बरण्या तशाच राहिल्या. चटणीच्या, लोणच्याच्या, आणि नातीसाठी मुद्दाम केलेल्या स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याच्या. रात्री थंडी पडणार होती. लालोने एकेक बरणी पुन्हा तळघरात नेली.

हिवाळा सरला नाही तोच सरकार पडलं. कावळ्यानेच पाडलं. दूरदर्शनवरची बाई पुन्हा गंभीर झाली. लालो या वेळी तळघरात गेला नाही. फोनकडे बघत बसला. दोन दिवसांनी यावोरचा फोन आला, नेहमीसारखाच, औषधं घेतोस का, लाकडं आहेत का. आणि मग, "ताते, मी पत्ता बदलून घेतला. इकडेच मत देईन आता. आमच्या प्रभागात एकेका मतावर लढाई आहे. आणि चार तास गाडी हाकायची म्हणजे..."

"हो हो," लालो म्हणाला. "घाटात रस्ता वाईटच आहे."

"रागावला नाहीस ना?"

"मी कशाला रागावू?"

फोन ठेवल्यावर त्याला रडू आलं. बॉयलर नेला तेव्हाही तो रडला नव्हता.

मतदानाच्या सकाळी त्याने नेहमीसारखा कोट घातला. जुन्या राजवटीत मतपत्रिका एकच असायची, पण कोट घालायची पद्धत होती, आणि तेवढी त्याने ठेवली होती. शाळेच्या आवारात गाड्या लागल्या होत्या. दुसऱ्यांची पोरं कबाब खात होती. "यावोर मागून येतोय का?" कोणीतरी विचारलं. "कामात आहे," लालो म्हणाला आणि घाईने आत शिरला.

काळ्या पडद्याआड निळं पेन दोरीने बांधलेलं होतं. समोर हातभर लांब मतपत्रिका. कावळ्याचा रकाना त्याला डोळे मिटूनही सापडला असता. लालो पेन धरून उभा राहिला. त्याच्या डोक्यात देश नव्हता, ते नव्हते, आपणही नव्हतो. त्याला यावोरची एक सवय आठवत होती. दर निवडणुकीनंतर यावोर फोनवर झाबोवोचा निकाल उघडायचा आणि बापाच्या नाकासमोर धरायचा. "बघ ताते, आपलं गाव. हा एक मी." सोफियात बसूनही तो ते उघडणार. आणि या वेळी तिथे शून्य असणार. आपल्या गावात आपलं कोणी उरलं नाही, असं त्याला वाटणार.

लालोने 'नवं पान' शोधलं आणि चौकटीत फुली मारली. कागदावर निळा डाग पडेपर्यंत ती दोनदा गिरवली.

संध्याकाळी मोजणी बघायला म्हातारे बाकांवर बसले होते. गेना चष्मा लावून एकेक नाव वाचत होती. कावळा, कावळा, जुन्या राजवटीचे लाल, कावळा. मग ती थांबली. "नवं पान," ती म्हणाली. "एक."

"यावोर तर आला नाही," मागून आवाज आला. "मग हा शहाणा कोण?"

"सोफियाचं भूत असेल," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

गेनाने चष्म्यावरून लालोकडे पाहिलं. लालो बुटांची नाडी बांधत होता. "मत गुप्त असतं," ती खेकसली. "गप्प बसा, पुढचं वाचू द्या."

सकाळी कोंबड्यांना दाणे टाकत असताना फोन वाजला.

"ताते," यावोर म्हणाला. "तो एक तू आहेस ना?"

"मत गुप्त असतं."

यावोर हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. "त्या दिवशी मी फार बोललो."

"मीही बोललो. सोड."

"आम्ही जिंकलो, ताते. अगदी काठावर, पण जिंकलो. आता सरकार टिकणार. चार वर्षं. आता ही सारखी सारखी धावाधाव संपली बघ."

लालोच्या हातातले दाणे खाली सांडले आणि कोंबड्या पायाशी गोळा झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मत दिलेला माणूस निवडून आल्यावर त्याला राग आला नव्हता. काय वाटतंय ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

"चार वर्षं," तो म्हणाला. "बरं झालं."

"उन्हाळ्यात येतो. नक्की."

"ये की."

उन्हाळ्यात यावोरला मंत्रालयात काम मिळालं, सल्लागाराचं. चांगलं काम होतं, आणि तो ते चांगलंच करत असणार, मुलगा मुळात प्रामाणिक. रविवारीसुद्धा बैठका असायच्या. स्तोयान्काचा नवा कागद त्याने कुरियरने पाठवला, सोबत चार ओळी आणि चिकटपट्टी. लालोने तो फाटकावर स्वतःच लावला. जरा तिरका लागला. काढून पुन्हा लावायला गेला तर कोपरा फाटला, मग तसाच राहू दिला.

मिरच्यांचे दिवस पुन्हा आले. कावळ्याने सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि मतदान दूरदर्शनवर दाखवणार होते. लालोने संध्याकाळपासून टेबल मांडून ठेवलं होतं. ब्रेड, चीज, राकिया, दोन ताटल्या. दोन कशाला, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. पडद्यावर कावळा ओरडत होता, आपण, आपण, आपण. त्याच्या समोरच्या बाकांवर नव्या पानाची पोरं पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी बसली होती. त्यांच्या मागे कुठेतरी, भिंतीला टेकून, यावोर उभा असणार. ठराव जिंकला तर त्याची वर्षभराची मेहनत पाण्यात. ठराव हरला तर चार वर्षं. लालोने प्रार्थना करायला हात जोडले, आणि कशासाठी करायची ते न कळून पुन्हा मांडीवर ठेवले.

आकडे आले. ठराव पडला. सरकार राहिलं.

लगेच फोन वाजला. मागे टाळ्या, शिट्ट्या, माणसांचा गलका. "वाचलो, ताते," यावोर ओरडत होता. "पाहिलंस ना? वाचलो आपण!"

'आपण' म्हणाला पोरगा. लालोने फोन कानाशी घट्ट धरला.

"पाहिलं," तो म्हणाला. "वाचलो."

पलीकडे कोणीतरी यावोरला हाक मारली आणि फोन बंद झाला. लालोने दूरदर्शन बंद केलं. मग उठून दुसरी ताटली फळीवर ठेवली.